सरदार आजारी आहेत

"सरदारांच्या अंगावर रवा सांडलाय," असं सुनेत्रा म्हणाली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत आलो. पाहतो तर खरंच. शेपटीवर, कल्ल्यांवर, पाठीवर पांढरे बारीक कण. थेट उपम्याचा रवा.

"तू पातेलं टाकीवरून नेलंस का?" मी विचारलं.

तिने नुसतं पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला ही नजर कळली. तिच्यापुढे वाद चालत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही नाक्यावरच्या थानेदारासारखा घोटाळा कराल. सरदार हा मासा होता. केशरी, जाडजूड, डोक्यावर मांसाचा पागोट्यासारखा उंचवटा असलेला गोल्डफिश. टाकीत आणखी दोघे होते, काळा सेनापती आणि पांढरा, लुकडा पेशवे. नावं मी ठेवली होती आणि मला त्याची लाज नाही. आमची पद्मजा चंदीगडात वाढत होती. मी मराठीत विचारावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं, असा आमच्या घरात द्विपक्षीय व्यवहार चालायचा. मला वाटलं, माशांच्या निमित्ताने पोरीच्या डोक्यात मराठ्यांचा इतिहास शिरेल. मी तिला शिंदे-होळकर सांगितले, पानिपत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर पापा, सरदार तो नीचे वाले बाबाजी हैं ना?"

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी कराडचा. आमच्याकडे थांबण्याची पद्धत नाही.

टाकी आणायचं कारणही सांगतो. एकोणनव्वद साल होतं, पंजाबात अतिरेक्यांचे, बॉम्बचे दिवस. शाळा सुटली की पोरं घरात. बाग बंद, खेळ बंद, वाढदिवस बंद. दर शनिवारी पोलिसांची गाडी भोंग्यातून सांगून जायची, बेवारस वस्तूला हात लावू नका. पोरांना सगळीच दुनिया बेवारस वस्तू वाटायला लागली होती. पद्मजा शाळेतून आली की दप्तर न काढता टाकीपाशी बसायची आणि सरदारला दिवसभराचं सगळं सांगायची. तो तोंड उघडायचा, मिटायचा. घरात तिचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकणारा तेवढा एकच प्राणी होता, हे मी बाप असूनही कबूल करतो.

त्या सकाळी ती टाकीला नाक लावून म्हणाली, "पापा, सरदार मरेगा तो नहीं ना?"

"मी आहे ना," मी म्हटलं. या तीन शब्दांनी या देशात जितके घोटाळे झालेत तितके लाचेनेही झाले नसतील.

सल्ले लगेच सुरू झाले. आमच्या सरकारी क्वार्टरांत पाण्याचा नळ दुपारी यायचा, पण सल्ला चोवीस तास. समोरच्या मिसेस सूद म्हणाल्या, "नज़र लगी है भाईसाहब, हींग बांधो." माशाला हिंग कुठे बांधायचा, त्याला गळा आहे का, हे त्यांनी सांगितलं नाही. वर म्हणाल्या, "वैसे आप लोग तो खाते हो ना? तो बीमार को संभाल क्यों रहे हो?" मी जन्माचा शाकाहारी. पण चंदीगडात मराठी माणूस म्हणजे बंबईवाला, बंबईवाला म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे तळलेली मच्छी. कराडात समुद्र नाही, हे मी त्या बाईंना आलो तेव्हापासून सांगत होतो.

आमच्या खाली राहायचे सूबेदार जगीर सिंग, पद्मजाचे बाबाजी. त्यांच्या जावयाला क्वार्टर मिळालेलं, जावई बाहेरगावी ड्यूटीवर, सासरे इथे. पलटणीत मराठ्यांबरोबर राहिलेला माणूस, म्हणून मला हाक मारायचे 'मराठा'. मी कागदोपत्री कारकून आहे, पण सूबेदारांपुढे कागद चालत नसे. त्यांच्याकडे गुलदाउदीच्या, म्हणजे आपल्या शेवंतीच्या, अशा कुंड्या होत्या की बघत राहावं. मुलगा लुधियान्याला शिकत होता. त्याचं पत्र लांबलं की म्हातारा फुलांना दोनदा पाणी घालायचा. फुलं सडायला लागली की आम्ही समजायचो, पत्र नाही.

सूबेदारांनी टाकीत डोकावून निदान केलं, "ठंड लगी है. दो बूंद रम डालो."

"रम?"

"मराठा, मेरी पलटन में खच्चर को निमोनिया रम से ठीक हुआ है. क्या नाम है इसका?"

"राजा," मी म्हटलं.

सुनेत्रा स्वयंपाकघरात खोकली. सूबेदारांसमोर आम्ही सरदारला 'राजा' म्हणायचो. उगीच कशाला? दिवस कसले होते! एखादा शब्द तोंडातून निघाला की तो कुठे जाऊन कोणाला लागेल, नेम नसायचा. पगडीसारखं डोकं असलेल्या माशाला मी 'सरदार' म्हणतो, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? पद्मजालाही ताकीद होती. तीही 'राजा' म्हणायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. रीतसर मार्ग म्हणजे ज्या रस्त्याने माणूस जातो आणि तसाच परत येतो तो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरने वर न बघता विचारलं, "दूध कितना देती है?"

"मछली है."

"तो मछली महकमे में जाओ."

मछली महकम्यात, म्हणजे मत्स्य खात्यात गेलो. तिथला साहेब म्हणाला, "हम तालाब की मछली देखते हैं. कितने एकड़ का तालाब है?"

"दोन फूट बाय एक फूट."

"पट्टा किसके नाम है? पट्टा लाओ." तळ्याचा भाडेपट्टा मागणारा हा माणूस विनोद करत नव्हता. सरकारी नोकर विनोद करत नाही, मी स्वतः एक आहे. या देशात म्हशीला डॉक्टर आहे, माशाला नाही. मासा मत देत नाही म्हणून, असं म्हणावं तर म्हैस तरी कुठे देते?

परत आलो तर सेनापती उलटा तरंगत होता. सुनेत्राने तो सूबेदारांनीच दिलेल्या कुंडीत पुरला आणि वर शेवंतीचं रोप लावलं. पद्मजा रडली नाही. तिने नुसतं विचारलं, "अब सरदार की बारी है?" मला वाटलं, रडली असती तर बरं.

मग मी मराठी मंडळातल्या श्यामकांतला गाठलं. हा बँकेत असूनही वाचतो. त्याने माझ्या गळ्यात एक अख्खं व्याख्यान घातलं, पण आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाचं.

"बिडकर, तो ठिपका म्हणजे किडा. कातडीच्या आत घर करून बसतो. तिथे त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही. पोट भरलं की गळून खाली पडतो, तळाला पोरं काढतो, आणि ती पोरं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. त्या वेळी औषधाने गाठायचं. थंडीत हा संसार रेंगाळतो. पाणी हळूहळू गरम केलंस की भराभर उरकतो."

"म्हणजे त्याची बदली लवकर होते."

"बरोबर. आणि ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवू नकोस. तेव्हाच तर ते सगळे पाण्यात असतात."

माशांच्या दुकानात निळं औषध मिळालं. ते ओतताना बाटली निसटली आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे झाले. साबण, रॉकेल, लिंबू, काही चालेना. ऑफिसात साहेब म्हणाले, "बिडकर, हे काय?" मी म्हटलं, "औषध आहे." तेव्हापासून माझ्या हातची फाइल साहेब फूटपट्टीने उघडायला लागले.

राहिलं पाणी गरम करणं. हीटर दुकानात नव्हता, दिल्लीहून मागवावा लागेल म्हणाले. तोवर सरदार पानिपतावर जाणार. तेवढ्यात शेजारच्या मनीमाजऱ्यातला एक बिजलीवाला हीटर करून देतो असं कळलं. रविवारी स्कूटर काढून गेलो. त्याने काचेची जाड नळी घेतली, आत वाळू भरली, वाळूत तारेचं वेटोळं बसवलं, दोन वायरी बाहेर काढल्या, जुन्या इस्त्रीतलं तापमानाचं बटण लावलं आणि सगळं काळ्या टेपने गुंडाळलं. "पक्का माल है जी," म्हणाला. जाळी आणि चिमटे धुवायला मी जांभळ्या खड्यांची पुडीही घेतली. नळी, पुडी आणि निळी बाटली एका पिशवीत घालून निघालो.

आता तुम्ही म्हणाल, बिडकर, अक्कल कुठे गेली होती? अक्कल घरी टाकीशेजारी बसली होती आणि मरणाऱ्या माशाकडे बघत होती.

नाक्यावर थांबवलं. थानेदार बलकार सिंग, दाढी नीट बांधलेली, आवाज शांत. ओरडणाऱ्या पोलिसाला मी भीत नाही. शांत बोलणाऱ्यालाच भितो. त्याने पिशवीत पाहिलं, मग माझे निळे हात पाहिले.

"यह क्या है?"

"नळी है जी."

"नली तो मुझे भी दिख रही है. अंदर?"

"रेती."

"तारें किसलिए?"

"गरम करने के लिए."

"किसको?"

इथे 'मछली को' एवढंच म्हणायचं होतं. पण घाबरलेला माणूस घरात जे बोलतो तेच बोलतो.

"सरदार को."

थानेदाराने आपली पगडी जराशी चाचपली. "यहां तो सारे सरदार हैं. मैं भी हूं. तू किसको गरम करेगा?"

"घर में है जी. बहुत बीमार है. बाहर निकालेंगे तो मर जाएगा."

"छुपा के रखा है?"

"छुपा के नहीं जी, कांच में. आते-जाते सब देखते हैं."

"और कौन है उसके साथ?"

"पेशवे है. सेनापति भी था. वो गुज़र गया."

थानेदाराने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"सेनापति की लाश?"

"गमले में."

"किसमें?"

"गमले में गाड़ दिया जी. बीवी ने ऊपर गुलदाउदी लगा दी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडलो, "मछली! मछली है जी, मछली!"

"बस," थानेदार म्हणाला, "अब कोड में मत बोल."

मला जीपमध्ये बसवलं. माझी स्कूटर हवालदार चालवत होता, तीही चुकीच्या गिअरमध्ये, हे दुःख वेगळं. पिशवी एका वाळूच्या बादलीत ठेवून मागे आली. मी केंद्र सरकारचा कायम कर्मचारी, जीपमध्ये दोन शिपायांच्या मधोमध निळे हात मांडीवर ठेवून बसलो होतो. वाटेत आमच्या ऑफिसातला एक जण दिसला. त्याने नमस्कार केला आणि लगेच हात खिशात घातला.

आमच्या ब्लॉकपाशी जीप थांबली. थानेदार उतरला आणि जिन्याकडे तोंड करून त्याने खणखणीत आवाज दिला, "सरदार कहां है?"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मिसेस सूदांची एक फट तेवढी उघडी राहिली.

आणि तळमजल्याचं दार उघडलं.

सूबेदार पगडी बांधता बांधता बाहेर आले. अर्धी बांधलेली, बाकीचं कापड डाव्या हातात. चेहरा कुंडीतल्या मातीसारखा झालेला. समोर थानेदार, मागे बंदुका. ते ताठ उभे राहिले.

"मैं हूं जी. सूबेदार जगीर सिंह, रिटायर्ड." मग आवाज खाली गेला. "मेरे लड़के को कुछ हुआ?"

मी खूप लोकांवर चिडतो. सरकारवर, साहेबांवर, मनीमाजऱ्याच्या रस्त्यांवर. त्या क्षणी मी स्वतःवर जितका चिडलो तितका कोणावर चिडलो नसेन. माझ्या तोंडातला एक शब्द गल्लीत मोकळा सुटला होता आणि जाऊन लागला होता तो या म्हाताऱ्याला.

"आप नहीं, बापूजी," थानेदार गडबडला. "इसके घर वाला सरदार."

"इसके घर में कौन सरदार है?" सूबेदारांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आता कळलं, सरदार टाकीत दिवसभर तेच का करतो.

जिन्यावरून पद्मजा धावत उतरली आणि सूबेदारांच्या हातातल्या कापडाला लोंबकळली. "बाबाजी, तुसी नहीं! साडी मच्छी दा नां सरदार ए! पापा ने तुहाडे तों लुकाया सी!"

पोरीला अस्खलित पंजाबी येते, हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं मराठीसाठी रक्त आटवत होतो आणि ही खाली जाऊन तिसरीच भाषा घेऊन आली होती. शिवाय माशाचं नाव सरदार आहे आणि ते मी सूबेदारांपासून लपवलं होतं, तेही तिने त्याच भाषेत सगळ्या पोलिसांसमोर सांगून टाकलं.

मग सगळे वर आले. थानेदार, हवालदार, दोन शिपाई, सूबेदार आणि हिंग घेऊन मिसेस सूद. टाकीत सरदार तळाशी टेकले होते, पंख आवळून, अंगभर रवा. पेशवे पंपामागे लपले होते. सुनेत्राने थानेदाराला कुंडीही दाखवली. त्याने बोटभर माती उकरली, मध्येच थांबला आणि बोट रुमालाला पुसलं.

सूबेदार टाकीसमोर वाकून कितीतरी वेळ त्या केशरी पागोट्याकडे बघत राहिले. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. हिंदीत जुळेनात, मराठीत त्यांना कळली नसती.

"पगड़ी," ते शेवटी म्हणाले, "मुझसे अच्छी बंधी है."

पहिल्यांदा थानेदार हसला. मग सगळे. मी हसावं की नाही ते मला कळेना.

"मुझे राजा क्यों बताया?" सूबेदारांनी मला विचारलं.

"आपको बुरा लगता."

"नाम में क्या बुरा है? बुरा छुपाने में है. मैं नीचे रहता हूं, मराठा, दुश्मन की चौकी में नहीं." एवढं बोलून त्यांनी पगडीचा राहिलेला पदर खोचला आणि थानेदाराकडे वळले. आवाज पलटणीतला. "थानेदार साहब, सरदार को ठंड लग रही है. वो नली लाओ."

"बापूजी, वो जांच के लिए..."

"जांच यहीं होगी. पानी में."

वाळूची बादली वर आली. थानेदाराने स्वतःच्या हाताने नळी टाकीत सोडली. मी बटण दाबलं. फट्ट! सगळ्या ब्लॉकची वीज गेली. बिजलीवाल्याचा पक्का माल. दोन्ही शिपाई सोफ्यामागे होते आणि मिसेस सूद त्यांच्याही मागे.

सूबेदार मात्र हलले नाहीत. "रम," ते म्हणाले.

"सूबेदारजी, आता रम..."

"बोतलें, मराठा. खाली बोतलें."

ते खाली जाऊन लष्करी कँटीनच्या रमच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आले. आयुष्यभराचा साठा असावा. सुनेत्राने स्टोव्हवर पाणी तापवलं. गरम पाण्याने भरून, बुचं घट्ट लावून बाटल्या टाकीत सोडल्या, एक गार झाली की दुसरी. टाकीला सूबेदारांची रजई गुंडाळली. थानेदार थर्मामीटर धरून बसला आणि सांगत राहिला, "चढ़ रहा है... चढ़ रहा है..." एवढ्या आस्थेने मला ताप आला तेव्हाही कोणी बसलं नव्हतं.

असंच चाललं, रोज. ऑफिसला जाताना मी बाटल्या बदलायच्या, मी गेलो की सूबेदारांनी. रवा हळूहळू गळून गेला. ठिपके गेल्यावर मी थांबणार होतो, तर पद्मजाने बजावलं, "श्यामकांत काका ने बोला था, अभी नहीं." पेशवे त्या पंधरवड्यात गेले. इतिहासातही त्यांचं असंच झालं. सरदार मात्र उठले. एका सकाळी वर येऊन त्यांनी पद्मजाच्या बोटाचा चावा घेतला आणि ती पोर इतक्या मोठ्याने ओरडली की मिसेस सूदांना वाटलं पुन्हा पोलीस आले.

लुधियान्याहूनही पत्र आलं. शेवंतीला त्या दिवशी पाणी कमी पडलं.

त्यानंतर नाक्यावरून जाणं मला नकोसं झालं. सकाळी रांगेत पन्नास गाड्या उभ्या असताना बलकार सिंग लांबूनच हाक मारायचा, "ओए, सरदार कैसे हैं?" सगळे माझ्याकडे बघायचे. मी स्कूटरवरून सांगायचो, "ठीक हैं जी, पोट साफ है." प्रतिष्ठा म्हणून माणसाजवळ काही असतं, ते मी त्या नाक्यावर रोज थोडं थोडं ठेवून यायचो.

आणि सूबेदारांनी एक काचेचा गोल बाउल आणला. त्यात एकच मासा, हडकुळा, सतत गोल गोल फिरणारा आणि तोंडाची उघडझाप न थांबवणारा. दार सताड उघडं ठेवून त्यांनी तो सगळ्या गल्लीला दाखवला. "नाम रखा है मराठा," म्हणाले. "और छुपाया भी नहीं."

पाणी आमच्याच टाकीतलं घेऊन गेले होते. मी नको म्हटलं होतं.

एके दिवशी मी ऑफिसला निघालो तर खालून पलटणी आवाज आला, "ओए मराठा, मराठे को दाने निकल आए!" मी खाली पोहोचेपर्यंत मिसेस सूदांनी अख्ख्या ब्लॉकला सांगितलं होतं की बिडकरांना अंगभर फोड आले, कांजिण्या झाल्या. ऑफिसात साहेबांनी मला दारातच उभं केलं आणि फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. मी नुसते हात पुढे केले. ते अजून निळेच होते. साहेब दोन पावलं मागे सरकले.

घरी परतलो. सूबेदार बाउलशेजारी रमच्या बाटल्या रांगेने मांडून बसले होते. पद्मजा थर्मामीटर धरून होती. बाउलमध्ये मराठा रवा लागलेल्या अंगाने तोंड उघडत होता, मिटत होता.

"बचेगा?" मी विचारलं.

"कोशिश पूरी करेंगे," सूबेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "और नहीं बचा तो फ़िक्र मत कर, मराठा. तेरे लिए सबसे बड़ा गमला खाली रखा है."